हात कोठून हलवावा?

कोलकात्याच्या दक्षिण भागातील बालीगंज जंक्शन हे स्थानक सियालदाहून दक्षिणेकडे जाणाऱ्या उपनगरी गाड्यांच्या वाटेवर आहे. येथून पुढे सोनारपूर, बारुईपूर ओलांडून या गाड्या लक्ष्मीकांतपूर आणि डायमंड हार्बर या बाजूंनी दक्षिण चोवीस परगण्यात शिरतात. या मुलखातील खेड्यांनी बंगालची छडीची बाहुली, म्हणजे ‘डांगेर पुतुल’, पिढ्यान्‌पिढ्या नाचविली. संगणकाच्या पडद्यावरील मानवी आकृतीचे हातपाय कसे हलवावेत, हा या प्रकरणाचा विषय. त्याचा आरंभ एका खेडवळ बाहुलीपासून केलेला पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु संगणकावर काम करणाऱ्या चलच्चित्रकारापुढे जी पहिली अडचण उभी राहते, ती बाहुलीवाल्यापुढे फार पूर्वीच उभी राहिली होती, आणि ती समजून घेण्यास बाहुलीइतके सोपे साधन दुसरे नाही.

ही पारंपरिक बाहुली लाकडात कोरलेली, तीन ते चार फूट उंचीची आणि जात्रेतील नटासारखी वेषभूषा केलेली असते. तिला बहुधा तीनच सांधे असतात : एक मानेचा आणि दोन खांद्यांचे. कोपर नाही, मनगट नाही. मुख्य छडीवर तिचे मस्तक तोललेले असते व दोन्ही हातांना निराळ्या छड्या जोडलेल्या असतात. खेळ करणारा आपल्या कमरेला बांबूची खोबण घट्ट बांधतो, तीत मुख्य छडी टेकवितो आणि डोक्याएवढ्या उंच पडद्याआड उभा राहून स्वतःच नाचू लागतो. त्याच्या कमरेचा हेलकावा छडीवाटे बाहुलीच्या धडात जातो आणि धडाचा हेलकावा तिच्या हातांत उतरतो. प्रेक्षकाला दिसते ती हातांची लय. तिचा उगम मात्र दुसऱ्याच देहाच्या कमरेत असतो.

संगणकातील आकृतीचा सांगाडा नेमका असाच, वंशावळीप्रमाणे रचलेला असतो. कटिभागाचे हाड हे मूळ पुरुष. त्यापासून पाठीचा कणा, कण्यापासून खांदा, खांद्यापासून दंड, दंडापासून पुढचा हात, त्यापासून पंजा आणि शेवटी बोटे. वडील हाड वळले की त्याची सारी संतती त्याच्यासह वळते. मुलाने वळण घेतले तर वडिलांना त्याचा पत्ताही लागत नाही. दंड तीस अंश उचलला की पुढचा हात, पंजा आणि पाचही बोटे आपोआप उचलली जातात. मग कोपराचा कोन द्यावयाचा, मग मनगटाचा. मुळाकडून टोकाकडे जाणाऱ्या या पद्धतीला व्यवसायात ‘फॉरवर्ड कायनेमॅटिक्स’ किंवा थोडक्यात ‘एफके’ म्हणतात. चालताना मोकळे झुलणारे हात, भाषणाच्या भरात हवेत फिरणारा हात, चेंडू फेकणारा हात, ही सारी कामे या पद्धतीने उत्तम होतात. खांदा हा केंद्रबिंदू आणि हात ही त्रिज्या असल्यामुळे पंजा आपोआप वर्तुळाच्या कमानीत फिरतो, आणि सजीवांच्या मोकळ्या अवयवांची वाट बहुतेक वेळा कमानीचीच असते.

अडचण येते ती हाताने काही धरले की. समजा, बालीगंजला येऊन थांबणाऱ्या गाडीत एक प्रवासी वरची कडी धरून उभा आहे. गाडी ब्रेक लावते, त्याचे धड पुढे झुकते, गुडघे किंचित वाकतात. पंजा मात्र कडीवर जेथल्या तेथे राहतो. आता हीच आकृती एफके पद्धतीने हलवून पाहा. धड चार बोटे पुढे सरकविताच वंशावळीच्या नियमाने पंजाही चार बोटे पुढे सरकेल आणि कडी मागे लोंबकळत राहील. मग खांदा थोडा मागे वळवा, कोपर थोडे उलगडा, मनगट फिरवा. एका चौकटीपुरता पंजा कडीवर बसेल, पण पुढच्या चौकटीत पुन्हा निसटेल. एका सेकंदाला चोवीस चौकटी. तीन सेकंदांच्या दृश्यात चलच्चित्रकाराने बहात्तर वेळा ही कसरत केली, तरी हात कडीवर थरथरल्यासारखा दिसेल. प्रेक्षक चेहऱ्यातील पुष्कळ उणिवा पोटात घालतो. पण धरलेल्या वस्तूवरून घसरणारा हात आणि जमिनीवरून सरकणारे पाऊल त्याला क्षणभरही सहन होत नाही. ती आकृती वजनहीन आहे, हे गुपित तेथे उघडे पडते.

तेव्हा उलटा विचार करावा लागतो. पंजा कोठे हवा ते आधी सांगावयाचे आणि खांदा व कोपर यांचे कोन शोधण्याचे काम गणितावर सोपवावयाचे. टोकाकडून मुळाकडे जाणारी ही रीत म्हणजे ‘इन्व्हर्स कायनेमॅटिक्स’, अर्थात ‘आयके’. हिचाही नमुना बाहुल्यांत सापडतो. जावा बेटातील ‘वायांग गोलेक’ या बाहुलीला खांदा आणि कोपर असे दोन्ही सांधे असतात, आणि छडी जोडलेली असते ती पंजाला. खेळ करणारा पंजा हलवितो. कोपर आपली जागा आपणच शोधते. युरोपातील छडीच्या बाहुल्यांतही हीच रचना आढळते. कोलकात्याचे सुरेश दत्त यांनी मॉस्कोत सेर्गेई ओब्राझ्त्सोव्ह यांच्याकडे बाहुलीकलेचे शिक्षण घेतले आणि १९७३ साली ‘कॅलकटा पपेट थिएटर’ स्थापन केले. छडीच्या बाहुलीचा ग्रामीण वारसा जवळ असलेल्या महानगरात तिचा शहरी, आधुनिक अवतार त्यांनी रुजविला. २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

‘कोपर आपली जागा आपणच शोधते’ हे वाक्य वाचकाने सहज ओलांडून जाऊ नये. या प्रकरणाचा गाभा त्यातच आहे.

एक प्रयोग करून पाहावा. टेबलासमोर बसून तळहात त्यावर पालथा टेकवा. खांदा हलवू नका, तळहातही हलवू नका. आता कोपर वरखाली करून पाहा. ते हलते! पंजा जेथे होता तेथेच आहे, तसाच आहे, आणि तरी कोपर मात्र खांदा व मनगट यांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेभोवती कमानीत फिरते आहे. याचे कारण मोजदादीत सापडते. अवकाशात एखादी वस्तू निश्चित करण्यास सहा संख्या पुरतात : तीन तिच्या स्थानासाठी आणि तीन तिच्या कलासाठी. खांद्याच्या सांध्याला तीन, कोपराला एक, पुढच्या हाताच्या पिळाला एक आणि मनगटाला दोन असे आपल्या हातापाशी एकंदर सात प्रकारच्या हालचालींचे स्वातंत्र्य आहे. सहा पुरतात तेथे सात आहेत. हे एक जे शिल्लक उरते, तेच कोपराच्या कमानीच्या रूपाने आपल्याला दिसले.

सोव्हिएट शरीरशास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी १९२० च्या दशकात मॉस्को येथे छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या हालचालींची छायाचित्रे घेऊन त्यांचा बारकाईने अभ्यास केला. हातोड्याचे टोक दर घावाला जवळजवळ एकाच जागी येत होते. खांदा, कोपर व मनगट यांचे कोन मात्र दर घावाला थोडे निराळे भरत होते. म्हणजे मुरलेला कामगार एकच हालचाल पुन्हा पुन्हा करीत नव्हता. एकच परिणाम पुन्हा पुन्हा साधीत होता. गरजेपेक्षा अधिक असलेल्या स्वातंत्र्यांना मेंदू आवर कसा घालतो, हा बर्नस्टाइन यांचा प्रश्न शास्त्रज्ञांना अजूनही पुरता सुटलेला नाही. चलच्चित्रकाराला मात्र रोज सकाळी कामाला बसताच त्याचे उत्तर द्यावे लागते.

बाहुलीचे कोपर कोण ठरविते? गुरुत्वाकर्षण. लाकडाला वजन असते, कापडाला ताण असतो, म्हणून कोपर खाली लोंबते आणि ते पुष्कळदा खरेही वाटते. संगणकातल्या हाडाला वजन नाही. गणिताच्या दृष्टीने त्या कमानीवरील प्रत्येक बिंदू सारखाच बरोबर आहे, म्हणून कोपर कोणीकडे असावे हे कोणीतरी सांगावेच लागते. त्यासाठी सांगाड्याबाहेर एक खूण ठेवतात व कोपराने सदैव तिच्या रोखाने पाहावे असे बंधन घालतात. ‘ब्लेंडर’ या विनामूल्य मिळणाऱ्या प्रणालीत या खुणेला ‘पोल टार्गेट’ म्हणतात, ‘माया’मध्ये ‘पोल व्हेक्टर’. ही खूण कोपराच्या मागे पुरेशा अंतरावर असावी. ती खांदा-मनगटाच्या रेषेवर किंवा तिच्या अगदी जवळ आली, तर कोपर एका चौकटीत एकीकडे आणि पुढच्या चौकटीत दुसरीकडे उडी मारते.

नवशिका ही खूण एकदा ठेवतो आणि विसरतो. माझ्या मते आकृती निर्जीव वाटण्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे. पंजा काय करतो आहे हे कोणीही सांगेल. माणसाचा स्वभाव मात्र कोपरात दिसतो. भित्रा माणूस चहाचा पेला उचलताना कोपर बरगडीला चिकटवितो, तालेवार ते बाहेर फेकतो. दोघांचाही पंजा पेल्याच्या त्याच कानात असतो. भरतनाट्यात नाट्यारंभाच्या स्थितीत हात दोन्ही बाजूंना पसरून कोपरे खांद्यांच्या उंचीला उचलून धरतात. ती दोन बोटे खाली आली तरी गुरूची नजर तेथे जाते. संगणकावर नर्तिकेची आकृती हलविताना कोपराच्या खुणेला पंजाइतक्याच काळजीने चौकटीगणिक जागा द्यावी लागते. ते काम प्रणालीवर सोडले, तर मुद्रा अचूक आणि नृत्य चुकलेले अशी अवस्था होते.

आता आयके पद्धतीचा दुसरा सापळा. दंड ३० सेंटिमीटर आणि पुढचा हात २५ सेंटिमीटर धरू. खांद्यापासून मनगटापर्यंतचे अंतर ठरले की शाळेतील त्रिकोणमितीच्या कोज्या-नियमाने कोपराचा कोन ठरतो. अंतर ४४ असेल तर कोन सुमारे १०६ अंश, ४५ असेल तर सुमारे १०९·५ अंश. एक सेंटिमीटर अंतर वाढले, कोन साडेतीन अंशांनी उघडला. पण अंतर ५४ असताना कोन १५८ अंश असतो आणि ५५ होताच हात ताठ, १८० अंश. येथेही एकच सेंटिमीटर, पण कोन बावीस अंशांनी उघडला! पंजा संथ, एकसारख्या गतीने पुढे जात असला, तरी शेवटच्या क्षणी कोपर झटका देऊन उलगडते. पायाच्या बाबतीत हीच गोष्ट गुडघ्याला घडते आणि चालणारी आकृती दर पावलाला गुडघ्यात मोडल्यासारखी दिसते. दोष गणिताचा नव्हे. ते आपले काम चोख करते. उपाय साधा आहे : अवयव कधीही पूर्ण ताठ होऊ देऊ नये. पाय लांबवावयाचा असेल, तर टाचेला उचलू द्यावे, कटिभागाला किंचित खाली आणि पुढे जाऊ द्यावे. खरा माणूसही हेच करतो.

तिसरा सापळा वाटेचा. चलच्चित्रकार आरंभीची व अखेरची स्थिती सांगतो. मधल्या चौकटी संगणक भरतो. हात ताठ ठेवून साठ अंशांतून वर उचलावयाचा आहे, असे समजा. एफके पद्धतीत खांद्याचा कोन वाढत जातो आणि पंजा कमानीतून वर जातो. आयके पद्धतीत पंजाच्या दोनच जागा सांगितल्या, तर संगणक त्यांना सरळ रेषेने जोडतो. ही रेषा म्हणजे वर्तुळाची जीवा. तिचा मध्य खांद्यापासून ५५ नव्हे, तर साडेसत्तेचाळीस सेंटिमीटरांवर येतो. तेव्हा वाटेत कोपर सुमारे १२० अंशांपर्यंत मिटते आणि पुन्हा उघडते. सलाम ठोकणाऱ्या शिपायाचा हात मध्येच पंपाच्या दांड्यासारखा वाकतो. मधल्या स्थितीत पंजा स्वतःच्या हाताने कमानीवर आणून ठेवावा लागतो. म्हणून मोकळ्या हाताला एफके आणि काही धरलेल्या हाताला आयके, हा सर्वसाधारण नियम. एकाच दृश्यात हात कडी सोडून खिशाकडे जात असेल, तर पद्धत मध्येच बदलावी लागते. त्या चौकटीत दोन्ही पद्धतींनी मिळणारे कोन तंतोतंत जुळवून घेतले नाहीत, तर तेथे धक्का दिसतो.

कोनांविषयी थोडे सांगणे भाग आहे. खांद्याचे वळण तीन अक्षांवरील तीन कोनांनी सांगण्याची चाल आहे. हे तीन कोन एकामागून एक लागू होतात. त्यांतील मधला नव्वद अंशांना पोहोचला की पहिला आणि तिसरा अक्ष एकमेकांवर येतात व एक दिशा नाहीशी होते. हात आडवा पसरताना तो अचानक भलत्याच वाटेने गरगरत जातो तो यामुळे. यावरील उपाय ‘क्वाटर्निअन’ या चार घटकांच्या संख्या. त्या विल्यम हॅमिल्टन या आयरिश गणितज्ञाला १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिन येथे सुचल्या. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ५ नोव्हेंबर १८४३ रोजी, सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. भावे लाकडी कळसूत्री बाहुल्यांचेही कुशल कारागीर होते. हा योगायोगच, पण हातपाय हलविण्याच्या कलेचा इतिहास लिहिणाऱ्याला तो मोह पाडणारा आहे. हॅमिल्टनच्या संख्या चलच्चित्रणात रुळल्या त्या केन शूमेक यांनी १९८५ साली लिहिलेल्या निबंधानंतर.

मनगट आणि खांदा या दोन जागी सांगाड्याची वंशावळ शरीररचनेला अपुरी पडते. उजव्या तळहातावर पाणी घेण्यासाठी आपण पालथा हात उताणा करतो, तेव्हा मनगट फिरते असे वाटते. वस्तुतः पुढच्या हातातील दोन हाडांपैकी एक दुसऱ्याभोवती वळते आणि पीळ कोपरापर्यंत हळूहळू वाटला जातो. संगणकात तो सगळा मनगटाच्या एका सांध्यावर घातला, तर तेथील कातडी चॉकलेटच्या कागदासारखी पिळवटते. त्यासाठी पुढच्या हातात पीळ वाटून घेणारी जादा हाडे घालतात. खांद्याचेही तसेच. हात बाजूने डोक्यापर्यंत १८० अंश उचलताना सुमारे १२० अंश खांद्याच्या खोबणीतून मिळतात आणि उरलेले ६० खांद्याचे फरे फिरल्याने. गळ्याजवळचे हाड न उचलता नुसता दंड उचलला, तर आकृतीचा खांदा उखळीतून निसटल्यासारखा दिसतो. दशभुजा दुर्गेची मूर्ती घडविणाऱ्याला ही चिंता नसते. मूर्ती हलत नाही, म्हणून आठ जादा हात पाठीमागे कोठे जोडले हे कोणी विचारीत नाही. तीच देवी पडद्यावर चालती करावयाची झाली, तर प्रत्येक हाताला फऱ्याची सोय कोठून आणावी, या विचाराने चलच्चित्रकार घामाघूम होईल.

पायांचे गणित हातांसारखेच, फक्त धरण्याची वस्तू ही जमीन. चालण्याच्या एका आवर्तनात प्रत्येक पाऊल सुमारे साठ टक्के काळ जमिनीवर असते. एका पावलाला बारा चौकटी हा जुना हिशेब साधारण चालीला अजूनही चालतो. या साठ टक्क्यांत पाऊल स्थिर असले, तरी त्याचा टेकू बदलत असतो : आधी टाच, मग चवडा, शेवटी अंगठा. म्हणून पावलाच्या सांगाड्यात या तीनही जागी उलट्या दिशेने वळणारे सांधे ठेवतात.

नटाच्या अंगावर खुणा लावून त्याची हालचाल यंत्राने टिपण्याची सोय झाल्यावर हे सारे श्रम संपतील अशी अपेक्षा होती. त्यापूर्वी १९८९ सालीच जिम हेन्सन यांच्या दूरदर्शन मालिकेत ‘वॉल्डो’ नावाची संगणकीय बाहुली अवतरली होती. एक बाहुलीकार हातातील यंत्राने तिला प्रत्यक्ष हलवीत असे. परंतु नट सहा फुटी आणि आकृती चार फुटी असेल, तर टिपलेले कोन तसेच लावल्यावर पाऊल सरकते आणि जोडलेले तळहात एकमेकांत घुसतात. अखेर टिपलेल्या हालचालीवर आयकेचा थर चढवून पंजे आणि पावले पुन्हा जागेवर बसवावी लागतात.

जपानच्या बुनराकूत एका बाहुलीला तिघे लागतात. प्रमुख कलावंत मस्तक व उजवा हात सांभाळतो, दुसरा डावा हात, तिसरा पाय. स्त्रीबाहुलीला बहुधा पाय नसतातच. तिसरा कलावंत झग्याची कड अशी हलवितो की पाय दिसल्याचा भास व्हावा. संगणकापुढे बसलेल्या एकट्या माणसाला ही तिन्ही कामे एकामागून एक करावी लागतात. त्याने ती कटिभागापासून आरंभावी. प्रथम शरीराचे वजन कोणत्या पायावर आहे ते निश्चित करावे, मग पावले, मग धडाचा कल, त्यानंतर पंजा आणि लगेच कोपर. बोटांना हात सर्वांत शेवटी लावावा, आणि तोवर ती किंचित मिटलेली असू द्यावीत, जशी विश्रांतीच्या वेळी आपली असतात.